डाव्या चाकातला दुसरा आवाज

हवालदार आण्णा पहिल्यांदा आमच्या दारात आले ते लाटणं मागायला.

लग्न होऊन मला महिनाही झाला नव्हता. मी चुलीपुढं होते. दारात खाकी टोपी घातलेला, ग्रीसनं कोपरापर्यंत काळा झालेला म्हातारा उभा राहिला आणि कवायतीत हुकूम सोडावा तशा आवाजात म्हणाला, "सूनबाई, लाटणं दी. घडीभरात आणून देतो." मी घाबरून लाटणं दिलं आणि परड्यात जाऊन बुटक्या दगडी भिंतीवरून पलीकडं पाहिलं. पलीकडं आण्णांची शेड होती. शेडपुढं एक ट्रक उभा होता, इंजिन चालू. आण्णांनी लाटण्याचं एक टोक इंजिनावर टेकवलं, दुसरं दातांत धरलं आणि डोळे मिटून घेतले. ट्रकवाले देवळात उभे राहतात तसे गप्प उभे होते. आण्णा लाटणं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेत होते. तिसऱ्या जागी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हितं मरतंय ते. खोला."

लाटणं परत आलं तेव्हा टोकाला दातांचे वण होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "उष्टं लाटणं माज्या चुलीपाशी नगं. त्यालाच दिऊन टाक." तसं ते लाटणं आण्णांचं झालं.

आण्णा मिलिटरीच्या वर्कशॉपात गाड्या दुरुस्त करून पेन्शनीवर आले होते. बायको वारलेली, मुलगा सांगलीला नोकरीला. आमचं गाव माण तालुक्यातलं. दगड, बाभळी आणि मेंढरं, निम्मे बाप्ये मुंबईला. गावात गाड्या अशा किती असणार? पण दहिवडीच्या रस्त्यानं जाणारे ट्रकवाले आण्णांसाठी वाट वाकडी करून यायचे. आण्णा सगळ्यात आधी ब्रेक बघायचे, मग बाकीचं. कुणी म्हणालं, "आण्णा, गाडी चढाला ओढत न्हाई," तर म्हणायचे, "चढाला न ओढल्यानं कुनी मेलेलं मी बगितलं न्हाई. उताराचं बोल." नाहीतर म्हणायचे, "चालती गाडी कुनीबी करतंय गड्या. थांबती करायला मेस्त्री लागतो."

त्यांची आणखी एक सवय होती. चाकाच्या मधोमध जो मोठा नट असतो, तो आपोआप फिरून सुटू नये म्हणून त्यात दोन पायांची एक पिन घालतात आणि तिचे पाय वाकवतात. चाक खोललं की आण्णा जुनी पिन फेकून द्यायचे. बामच्या डबीतून नवी पिन काढायचे, ती दातांत धरायचे आणि मग कामाला लागायचे. पिन नटात जाईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. कुणी काही विचारलं तर नुसती मान. काम झाल्यावर सांगायचे, "पिन खिशात ठेवली की इसरती. दातांत आसली की मानूस गप ऱ्हातो, आन् गप ऱ्हायला की इसरत न्हाई."

त्यांना ऐकू येत नाही हे मला कळायला वर्ष गेलं. गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते मोठ्यानं बोलायचे, ते लोकांना लष्करी वाटायचं. समोरचा मान खाली घालून बोलायला लागला की ओरडायचे, "तोंड वर कर! मिलिटरीत खाली बगून बोलत न्हाईत." लोक हसायचे आणि तोंड वर करायचे. आण्णा त्यांच्या ओठांकडं बघून सगळं समजून घ्यायचे.

माझी मात्र अडचण झाली. मी डोक्यावरून पदर घेऊन, त्याचं टोक ओठांवर धरून बोलायची. आण्णांनी एकदा भिंतीवरून विचारलं, "सूनबाई, मालक हायती का घरी?" मी सांगितलं, नाहीत. "काय?" मी पुन्हा सांगितलं. "आँ?" तिसऱ्यांदा सांगताना माझ्या कमरेवरची तांब्याची घागर निसटली आणि दगडावर आपटली. चार घरांपलीकडच्या बायका बाहेर आल्या, कुत्री भुंकायला लागली. आण्णा तेवढ्यात वळून पाठमोरे झाले होते. ते वळले नाहीत. चमकलेसुद्धा नाहीत. मग बायका बाहेर आलेल्या बघून त्यांनी मागं पाहिलं, चेपलेली घागर पाहिली, मला पाहिलं. मला कळलं आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं.

ते भिंतीपाशी आले. पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "तोफांच्या गाड्यांवर हुतो. एक कान तवाच गेला. दुसरा पेन्शनीबरोबर." मग म्हणाले, "पदर जरा बाजूला घिऊन बोलत जा, पोरी."

कुणाला सांगू नकोस असं ते म्हणाले नाहीत. मीही सांगितलं नाही.

इंजिनाचा आवाज लाटण्यातून त्यांच्या दातांना कळायचा. पण चाकाचा आवाज गाडी चालतानाच येतो, आणि फिरत्या चाकाला लाटणं लावता येत नाही. चाक जॅकवर उचलून हातानं फिरवलं तर आवाज येत नाही, कारण वर भार नसतो. अशा वेळी आण्णा गाडीवाल्याला गाडी शेडपुढून दोनदा न्यायला लावायचे आणि भिंतीवरून माझ्याकडं बघायचे. गाडी गेली की जवळ येऊन विचारायचे, "कसा?"

मला गाडीतलं काय कळणार? मी घरातलं सांगायची. "ताक घुसळताना रवी डेऱ्याला लागती न्हवं, तसा." आण्णा म्हणायचे, "मंग मागचा दांडा." एकदा मी म्हणाले, "जात्यात खडा आल्यावानी." ते म्हणाले, "म्हंजी कायतरी घासतंय." आणि एकदा सांगितलं, "खडा न्हाई. खुंटा ढिला झाल्यावर जातं कसं एका फेऱ्याला एकदा वाजतं, तसा." त्या दिवशी आण्णा हसले नाहीत. म्हणाले, "घासनारी गाडी घरापतूर येती. खुंटा ढिला आसलेली येत न्हाई. हे ध्यानात ठीव." मग हातातला फडका पिळत म्हणाले, "गाडी खोटं बोलत न्हाई सूनबाई. मानूस बोलतंय." ही वाक्यं मी विसरले नाही. विसरता आली असती तर बरं झालं असतं.

आमच्या घरी एक जुनी पिकप होती. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मिलिटरीच्या लिलावातून आणलेली. आमचे मालक तीवर कडबा, कांदा, बाजाराची माणसं वाहायचे. दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. माझ्या नणंदेचं, कुसुम वन्संचं, लग्न ठरलं. लग्न मुलाच्या दारात, कोरेगावच्या पलीकडं. वऱ्हाड आमच्याच पिकपमधून न्यायचं. वाटेत वर्धनगडचा घाट.

आण्णांनी पुढची दोन्ही चाकं खोलून पाहिली. ब्रेकचे ड्रम, म्हणजे चाकातली लोखंडी भांडी, आतून इतकी झिजली होती की चरीत नख बसत होतं. आण्णा मामंजींना म्हणाले, "ह्या ड्रमावर वऱ्हाड न्यायचं आसंल तर मला लग्नाला बोलवू नगा. मी सुतकाला यीन."

"शुभकार्यात तोंड सांभाळ की रं," मामंजी चिडले. पण मालक सांगलीच्या जुन्या बाजारात गेले आणि त्या गाडीला बसतील असे दोन चांगले ड्रम पोत्यात घालून एसटीनं घेऊन आले. ते यायला हळदीचा दिवस उजाडला.

हळदीच्या दिवशी दुपारी आण्णा ड्रम बसवत होते. अंगणात मांडव, मुलाकडून उष्टी हळद घेऊन आलेले पाहुणे, वाजंत्री. उजवं चाक झालं. डाव्या चाकाचं चालू असताना मामंजी बुंदीचा लाडू घेऊन शेडमध्ये गेले. मी पाहुण्यांची भांडी घासायला परड्यात होते, मला दिसत होतं. आण्णांनी मानेनं नको म्हटलं. मामंजी म्हणाले, "व्याही बगत्यात. माज्या पोरीच्या हळदीला तोंड गोड करत न्हाईस व्हय?" आण्णांनी तोंडातली पिन काढली, टोपीच्या घडीत खोचली आणि लाडू तोंडात टाकला. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या गालाला हळद फासली. सगळे हसले. आण्णाही हसले. मग पाणी प्यायले आणि पुन्हा चाकाकडं वळले.

संध्याकाळी गाडी तयार झाली. गाडीपुढं लिंबू ठेवायची चाल आहे. पण मामंजी म्हणाले, "लिंबू रोजच्याला. लग्नाच्या गाडीला नारळ पायजे." आणि त्यांनी डाव्या चाकाखाली अख्खा नारळ ठेवला. मालकांनी गाडी पुढं घेतली, नारळ फाटकन फुटला, तुकडे उडाले, वाजंत्री वाजली. गाडी दहा पावलं गेली आणि डाव्या चाकातून आवाज आला. खर्र, खर्र, खर्र.

वाजंत्री थांबली. मुलाकडचा एक म्हातारा म्हणाला, "व्याही, गाडी आमच्याकडं याया रडतीया का काय?" तो चेष्टेनंच बोलला, पण आत्याबाईंचा चेहरा उतरला. नारळ फोडल्यावर असा आवाज म्हणजे काय, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात आलं.

आण्णा भिंतीपाशी आले. मी पदर बाजूला करून हळूच म्हणाले, "खडा."

ते वळले, गाडीखाली शिरले, बॅटरीच्या उजेडात ड्रमच्या मागं पाहिलं आणि तारेच्या आकड्यानं काहीतरी ओढून काढलं. करवंटीचा तुकडा. ड्रम आणि मागचा पत्रा यांच्या मधल्या फटीत जाऊन बसला होता. आण्णांनी तो वर धरून दाखवला. "परसाद घ्या नवरीच्या बापाचा! ब्रेकला नारळ पावला!" मांडव हसून लोळला. मामंजीसुद्धा हसले.

मालकांनी गाडी पुन्हा काढली. खर्र गेला होता. गाडी शेडपुढून गेली, चावडीपाशी उजवीकडं वळली. आणि वळताना मला ऐकू आला. टक्. थोड्या वेळानं पुन्हा. टक्. अगदी बारीक. वाजंत्री, हसणं, पोरांचा गोंधळ, या सगळ्याखाली दबलेला.

आण्णा गाडीच्या पायरीवर उभे राहून आले. उतरले. भिंतीवरून माझ्याकडं बघितलं आणि भुवया वर केल्या. गेला का?

माझ्याशेजारी आत्याबाई उभ्या होत्या, मुलाकडच्या दोन बायका होत्या, भिंतीपलीकडं मामंजी. नाही म्हणायचं तर पदर काढून, तोंड वर करून, सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं की अजून एक आवाज आहे. आताच कुठं सगळे हसले होते. सून अपशकुनी बोलली असं झालं असतं. तुला काय कळतंय, असंही झालं असतं. आवाज बारीक आहे, असेल काहीतरी, असं मी मनाला सांगितलं.

मी मान हलवली. गेला.

आण्णांनी हात पुसले. त्यांना दुसरं कुठून कळणार होतं?

सकाळी वऱ्हाड निघालं. पुढं केबिनमध्ये मालक, मधे मामंजी आणि कडेला आण्णा. आण्णांनी लग्नासाठी टोपी शेडमध्ये खुंटीला टांगून गुलाबी फेटा बांधला होता. मागच्या हौद्यात आम्ही नवरीसकट एकोणीस माणसं, बायका आणि पोरंच जास्त. नवरी माझ्याशेजारी. मी केबिनच्या पत्र्याला टेकून, डाव्या बाजूला. मांडीशी रुखवताची टोपली.

गाव सुटेपर्यंत काही नव्हतं. मग पहिल्या उजव्या वळणाला आला. टक्. सरळ रस्त्याला गेला. पुढच्या उजव्या वळणाला परत. बायका गाणी म्हणत होत्या. मी प्रत्येक वळण मोजत होते. डाव्या वळणाला श्वास सोडायचा, उजव्या वळणाला धरायचा. पुसेगावात चहाला गाडी थांबली. पुरुष सगळे खाली उतरून उभे होते. आण्णा बशीतून चहा पीत होते, दहा पावलांवर. मी उठले. मामंजींनी पाहिलं, "काय पायजे?" मी म्हणाले, "काय न्हाई." आणि बसले.

पुसेगावपुढं तो वळणाला येईनासा झाला. सरळ रस्त्यालाच यायला लागला. एका फेऱ्याला एकदा. आता तो कानालाच नाही, तळपायांना कळत होता. केबिनच्या मागच्या पत्र्यात वहीएवढी खिडकी होती. तिच्यातून दिसलं, मालक ब्रेकवर पाय एकदा दाबत होते, मग पुन्हा दाबत होते. पूर्वी एकदाच दाबायला लागायचा.

"वहिनी, हात का गार पडलं तुजं?" वन्संनी विचारलं.

मी आत्याबाईंना म्हणाले, "आत्याबाई, चाकात आवाज येतोय. गाडी थांबवायला सांगा."

"नारळाचा तुकडा आसंल ऱ्हायलेला. मुहूर्त टळंल. गप बस."

समोर डोंगर आला. गडाची तटबंदी दिसायला लागली. रस्ता खिंडीतून पलीकडं गेला की उतार. घासणारी गाडी घरापर्यंत येते. खुंटा ढिला असलेली येत नाही.

मी रुखवतातलं नवं लाटणं ओढून काढलं आणि केबिनच्या पत्र्यावर मारलं. मालक आतून ओरडले, "ए, पत्रा कोन वाजवतंय? बसा गप!" आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. "याड लागलं का?" मी हात सोडवून पुन्हा मारलं. आण्णांची पाठ पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला टेकलेली होती, बरोबर तिथं. चाक वाजत होतं त्याच चालीनं मारत राहिले. टक्. टक्. टक्.

फेटा हलला. आण्णा वळले. खिडकीतून त्यांना आधी लाटणं दिसलं, मग मी.

"गाडी हुबी कर," आण्णा म्हणाले.

"आण्णा, हितं? उतार लागला की ओ."

"हुबी कर म्हनतो न्हवं!"

गाडी पहिल्या वळणाच्या अलीकडं, बाभळीच्या सावलीला थांबली. चाकांखाली दगड लावले. आण्णा मागं आले. सगळी माणसं आमच्याकडं बघत होती.

"सूनबाई, कसा?"

मी पदर ओठांवरून काढला. मामंजी समोर होते, चुलतसासरे होते, गावची माणसं होती. मी तोंड वर केलं आणि म्हणाले, "खडा न्हाई आण्णा. खुंटा."

त्यांच्या तोंडावरची कळा गेली.

मामंजी तावातावानं पुढं आले. "काय खडा आन् खुंटा? दुपारचा मुहूर्त हाय! हिला काय कळतंय गाडीतलं? तू मेस्त्री, तू केबिनीत बसलाईस, तुला आवाज आला का?"

"न्हाई आला."

"मंग?"

"मला ऐकू येत न्हाई," आण्णा म्हणाले. "दोन्ही कान गेल्यात. लय वर्सं झाली."

मालक म्हणाले, "आण्णा, कायतरीच काय बोलता?"

"जॅक लाव."

चाक उचललं. आण्णांनी मधलं टोपण काढलं. आत बोट घातलं. नट पान्ह्याशिवाय, नुसत्या दोन बोटांनी फिरला. सुटून पडायला दोन आटे उरले होते. एवढ्या आट्यांवर नवरीसकट बावीस माणसं घाट उतरणार होती.

पिन नव्हतीच.

आण्णा तिथंच मातीत बसले. फेट्याचा शेमला खांद्यावरून पुढं आला होता. मामंजींनी वाकून पाहिलं. "पिन कुटं गेली? तुटली का?"

"तुटली न्हाई. म्या घातली न्हाई." आण्णांनी हात डोक्याकडं नेला, टोपी चाचपल्यासारखा, आणि फेट्याला लागून थांबवला. "घरी हाय. टोपीत. लाडू खाताना काढून ठिवली."

"म्हंजी तुजी चूक."

"व्हय. माजी."

मी हौद्यात उभी होते. त्या वेळी बोलायचं होतं. काल संध्याकाळी आवाज मी ऐकला होता, यांनी मला विचारलं होतं, मी मान हलवली होती, असं सांगायचं होतं. आण्णांनी वर पाहिलं, माझ्याकडं, आणि लगेच नजर काढून घेतली. हत्याराच्या पिशवीतून बामची डबी काढली. नवी पिन दातांत धरली. नट आवळला, चाक फिरवून पाहिलं, थोडा सैल केला, पुन्हा पाहिलं. पिन घातली. पाय वाकवले. मग मालकांना बोलावून म्हणाले, "बग. हात लावून बग. मी म्हनतो म्हनून नगं."

घाट उतरताना ते गाडीत बसले नाहीत. मालकांनी गाडी पायाच्या चालीनं सोडली आणि आण्णा डाव्या चाकाशेजारून चालत राहिले, मडगार्डवर तळहात ठेवून. गुलाबी फेटा, लग्नाचं धोतर, एका हाताला ग्रीस. प्रत्येक उजव्या वळणाला ते वर माझ्याकडं बघायचे. मी डोक्यावरचा पदर मागं टाकून बसले होते. ऐकायची, नीट ऐकायची, आणि मान हलवायची. नाही. आवाज नाही. तीन वळणं असं झालं. मग ते आत बसले.

लग्न वेळेत लागलं. आण्णा पंगतीला बसले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले आणि कोरेगावहून एसटीनं परत गेले.

गावात ही गोष्ट मामंजींनी सांगितली. चावडीवर सांगताना ते म्हणायचे, "मेस्त्री बहिरा, पिन इसरला. माज्या सुनंनं लाटणं वाजवून बावीस जीव वाचवलं." बायका मला बघायला यायच्या. आत्याबाई कौतुकानं पाठीवर हात ठेवायच्या. मी खाली बघून भाकरी थापत राहायची.

शेडपुढं गाड्या यायच्या कमी झाल्या. आधी ट्रकवाले थांबायचे बंद झाले. पोरं लांबून हाक मारून बघायची, आण्णा वळतात का म्हणून. आमचे मालक काही दिवस जात राहिले, मग मामंजींनी सांगितलं, "गाडी विट्याला न्हेत जा. बहिऱ्याच्या हातात जीव द्यायचा न्हाई." मालक मला म्हणाले, "आण्णानं तुला कवा इचारलं न्हाई का गं, आवाजाचं? तू तर परड्यातच आसायचीस." मी म्हणाले, "न्हाई."

दुसऱ्यांदा खोटं बोलले. या वेळी मान हलवून नाही, तोंडानं.

मला विचारलं होतं हे आण्णांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. एका शब्दानं सांगितलं असतं तर निम्मा दोष माझ्यावर आला असता. उलट जो कुणी विचारील त्याला ते स्वतःच सांगायचे, "पिन म्या इसरली." पिन त्यांनी टोपीच्या घडीतून काढली नाही. मी एकदा भिंतीवरून विचारलं, ती अजून तिथंच का. म्हणाले, "आसू दी. टोपी घालताना बोटाला लागाय पायजे."

पुढच्या दिवाळीनंतर त्यांचा मुलगा सांगलीहून न्यायला आला. शेडची कौलं कुणीतरी विकत घेतली. सामानाचं एक गाठोडं आणि हत्याराची पिशवी, एवढंच होतं. एसटी यायला वेळ होता. आण्णा परड्याच्या भिंतीपाशी आले आणि लाटणं पुढं केलं. टोकाला दातांचे वण, मधे ग्रीसचे डाग.

"तुजं हाय. लय वर्सं वापरलं."

मी घेतलं नाही. म्हणाले, "तुमचंच हाय ते." मग इकडं तिकडं पाहिलं. परड्यात कुणी नव्हतं. मी पदर खाली घेतला, तोंड वर केलं आणि एकेक शब्द सोडून बोलले. "आण्णा, त्या दिशी चावडीपाशी मला आवाज ऐकू आला हुता. तुमी इचारलं तवा मी खोटी मान हलवली. चूक माजीबी हाय."

आण्णांनी उजवा हात कानाला लावला आणि हसून मान हलवली.

"ऐकू येत न्हाई मला, सूनबाई."

लाटणं काखेत धरून ते वळले आणि स्टँडकडं निघाले. मी सांगून होईपर्यंत त्यांनी माझ्या ओठांवरून नजर काढली नव्हती.